एकदा खाऊन तर बघा

गच्चीच्या कठड्यावर सलीलच्या वर्षश्राद्धाचं पान ठेवून तास होऊन गेला होता. खीर-वडे सुकत चालले, तरी कावळा नुसता बघत बसला होता. तो शिवल्याशिवाय घरात कुणी जेवणार नव्हतं.

"त्याचा तो पिझ्झा आणा," बायको वामनरावांना म्हणाली.

सुपरमार्केटच्या स्वतःच्या ब्रँडचा फ्रोझन पिझ्झा सलील हौसेने आणायचा, त्यातली ढोबळी मिरची वेचून ताटाच्या कडेला सारायचा आणि म्हणायचा, "बाबा, एकदा खाऊन तर बघा!" वामनराव त्याला शिळं अन्न म्हणत ताटावरून उठायचे.

आज त्यांनी स्वतः तो आणून ओव्हनमध्ये भाजला, गरम तुकडा पानावर वाढला. कावळा जवळ आला आणि मान तिरकी करून त्यांच्याकडेच बघत राहिला.

"अहो, तुम्ही खा ना," बायको रडवेली होऊन म्हणाली. "तो तुमच्यासाठी थांबलाय."

वामनरावांनी डोळे मिटून एक घास कसाबसा गिळला. "चांगला आहे रे," ते पुटपुटले.

पंख फडफडले. त्यांनी डोळे उघडले, तेव्हा कावळा पानावर बसून ढोबळी मिरचीचा एकेक तुकडा चोचीने कडेला सारत होता.