घाटावर दिलेला शब्द

लोणकरच्या दहाव्याला पिंडाला काही केल्या कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं, भटजी घड्याळ बघू लागले. भावानं हात जोडून पोरींच्या शिक्षणाची हमी दिली, बायकोनं घर विकणार नाही म्हणून सांगितलं. कावळे आपले बाभळीवरच.

मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू खिलारेकडं वळल्या. बाजारपेठेत दोघांची मोबाईलची दुकानं समोरासमोर. लोणकरनं पाटीवर फोनची किंमत लिहिली रे लिहिली, की खिलारे आपल्या पाटीवर शंभरानं कमी लिहायचा. तीन वर्षं हेच चाललं. शेवटी एक दिवस गल्ल्यावर बसल्या बसल्याच लोणकर छाती धरून कोसळला.

खिलारे पुढं झाला. "लोणकर, लेकरांची शपथ घेतो. तुझ्या पाटीवरच्या किमतीपेक्षा एक रुपयाही कमी लावणार नाही. जा सुखानं."

कावळ्यानं झडप घातली. लोणकरची बायको खिलारेच्या पायांवर कोसळली. "भावजी, तुम्ही मोकळं केलंत त्यांना."

डोळे पुसत खिलारे थेट दुकानात आला. समोरच्या बंद शटरवर लोणकरची पाटी अजून तशीच होती : बारा हजार नऊशे. दहा दिवस लोकलाजेपायी राहिलेलं काम खिलारेनं उरकून टाकलं. आपली पाटी पुसून त्यानं पंधरा हजार लिहिले.

"अहो, काल तर बारा हजार आठशे म्हणालात!" गिऱ्हाईक कळवळलं.

खिलारेनं समोरच्या शटरला हात जोडले. "कावळ्यादेखत शब्द दिलाय, दादा. कमी करता येत नाही."