सांगावा

“बाळूऽ, हाईस का रं घरात? का वाढदिवसाचा मिरवायला गेलाईस?”

गल्लीच्या तोंडापासूनच चिमणाबाईची हाळी. एका हातात पोळ्यांचा डबा, दुसऱ्या हातात पिशवी, गडहिंग्लजच्या एसटीनं अंग आंबून गेलेलं. पण आवाज असा, की मंगळवार पेठेतल्या चार घरांच्या खिडक्या उघडाव्यात. थोरली बहीण भावाच्या दारात अशीच यायची. हळू आवाजात यायला ती काय पावणी होती?

दारात माणसं उभी होती. आत्ताच पंचगंगेवर रक्षाविसर्जन करून आलेली, ओल्या केसांची. त्यांनी वाट तेवढी दिली. आत बाळूचा, म्हणजे बाळासोंचा, मुलगा ऋतुराज भिंतीला टेकून बसला होता, मुंडण केलेला. चिमणाबाईनं त्याच्याकडं बघितलं. मग कोपऱ्यात मोकळ्या कपाळानं बसलेल्या भावजयीकडं बघितलं. तिचा आवाज कुठल्या कुठं गेला.

“बाळू कुठं हाय?”

ऋतुराज धडपडत उठला. आणि बिचाऱ्याच्या तोंडातून आलं ते असं: “आत्ती, ग्रुपवर टाकलं होतं की!”

म्हातारी डबा-पिशवी घेऊन तशीच खाली बसली. बाळासो परवा पहाटे छातीत कळ येऊन गेले होते आणि सख्ख्या बहिणीला ते आज, असं कळत होतं.

“मी एकटा कुणाकुणाला फोन लावू, आत्ती? भावकीच्या ग्रुपवर टाकलं. तू बी बघितलंस. कुणी कुणी बघितलं ते दिसतंय की फोनमधी. माणसं म्हणत हुती, थोरल्या आक्का आल्याबिगर उचलायचं न्हाय. लई येळ थांबलो. म्हटलं, बघितलंय तिनं, निघाली असंल.”

“बघितलं की,” चिमणाबाई म्हणाली. “बाळूचा फेट्यातला फोटू. भवतीनं फुलं. म्होरं दिवा लावल्याला. मला वाटलं, ओवाळलंय तुमी त्येला.”

फोटो तोच होता. दर वाढदिवसाच्या डिजिटल बोर्डावर ऋतुराज ‘आमचे आण्णा’ म्हणून तोच लावायचा. बापाचा चांगला म्हणावा असा तेवढाच एक. खाली अक्षरं होती, पण म्हातारीला वाचता येत नव्हतं. आणि वाढदिवसाची तारीख म्हणाल, तर ती शाळेत घालताना मास्तरांनी ठरवलेली, बहिणीला कोण सांगायला गेलंय? फोन मात्र भावानंच घेऊन दिला होता. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, गावात एकटा जीव. माहेरची तोंडं तरी दिसतील म्हणून. बोलायचं बटण कुठलं, तेवढं त्यानं शिकवून ठेवलं होतं.

“मी बोलली बी त्यात,” ती म्हणाली. “ऐकलं न्हाईसा?”

“आवाज आलाता तुझा.” ऋतुराजची मान खाली गेली. “रडत असशील वाटलं. ऐकायचा धीर झाला न्हाय.”

त्याच्या बायकोनं, स्नेहलनं, फोन घेतला आणि बोटानं वर वर सरकवत नेला. जोडलेले हात, जोडलेले हात, भावपूर्ण श्रद्धांजली, जोडलेले हात. मध्येच तो आवाज सापडला. तिनं लावला.

“बाळूऽ, औक्षवंत हो रं माझ्या राजा. माझं बी आयुष्य तुला लागू दे. आज-उद्या रानात भांगलायला जायाचंय, परवा येती पोळ्या घिऊन. कुणाला देऊ नगंस, सगळ्या तूच खा.”

भावजयीनं तोंडात पदर कोंबला. त्या बोलण्याखाली कुणीतरी अंगठा दाखवला होता. त्याखाली पुन्हा जोडलेले हात. म्हणजे ऐकणाऱ्यानं ऐकलं, अंगठा दिला आणि पुढं गेला. म्हातारीला उलटा एक फोन करावा, असं एवढ्या भावकीत एकालाही वाटू नये? काय जाळायचाय तसला ग्रुप!

ऋतुराज तिच्या पायाशी बसला. “चुकलं, आत्ती. तुझ्या पाया पडतो.”

“त्येचं तोंड बघाय मिळालं न्हाय मला. ते आता कुणाच्या हातात न्हाय.” चिमणाबाईचे डोळे कोरडेच होते. “पर माणूस गेलं म्हंजी सांगावा घिऊन माणूस येतंय रं. दारात हुबं ऱ्हातंय. पाणी बी पीत न्हाय. तोंडानं सांगतंय. माझं मालक गेलं तवा हितं, माझ्या माहेराला सांगावा आला, आन् तुझा बाप हाय तसा अनवाणी पळत आला.”

“आत्ती, आत्ता सांगितलं की मी...”

“तू मला ग्रुपचं सांगितलंस. बाळूचं न्हाय.” तिनं डबा बाजूला सारला. “मला अजून कुणी सांगितलंच न्हाय. ऊठ. भाईर जा. दारातनं ये आन् सांग मला.”

कुणी मध्ये पडलं नाही. ऋतुराज उठला, बाहेर गेला, पायात चपला घातल्या. दारातली माणसं बाजूला झाली. चिमणाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि दाराकडं तोंड करून बसली.

तो उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला. परवा पहाटे ह्याच माणसानं फोनवर सगळं लिहिलं होतं: दुःखद निधन, अंत्ययात्रेची वेळ, ठिकाण, एक शब्द चुकला नव्हता. आता त्याचे ओठ नुसतेच हलत होते.

“आत्ती...”

ती थांबून राहिली.

“आत्ती, आण्णा गेलं गं.”

“कवा रं?” तिनं विचारलं, आणि हंबरडा फोडला.