पाढ्यांची वेळ

पाढे सुरू होताच शर्वाणीने शेजारच्या मुलीच्या दंडाला चावा घेतला. माझ्या शिकवणीत या आठवड्यातली ही तिसरी वेळ.

न्यायला आलेली तिची आई दारातच म्हणाली, "बाई, उद्यापासून घरीच ठेवते हिला. डॉक्टरांना ऑटिझमची शंका आहे, तपासणी पुढच्या महिन्यात. सासूबाई म्हणतात, दोन ठेवून दिल्या की येईल ताळ्यावर."

चावण्याआधी शर्वाणीने कान गुडघ्यांत दाबून धरले होते, ते मी पाहिलं होतं. आणि नेमकी तेव्हाच मी नेहमीसारखी म्हणत होते, "खड्या आवाजात म्हणा रे, गल्लीला ऐकू जाऊ दे."

"उद्याचा एक दिवस आणा," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना पाढे कुजबुजत म्हणायला लावले. "बाई, घसा बसलाय का तुमचा?" एकाने विचारलं. सगळे हसले. शर्वाणीचे हात कानांपाशी गेले, पाय सारखे हलत होते. सातचा पाढा संपला, आठचा संपला. माझंच लक्ष पाढ्यांत नव्हतं. तिचे हात हळूहळू खाली आले.

आई आली तेव्हा शर्वाणी चप्पल घालता घालता म्हणाली, "आज इथे कुणीच चिडलं नाही."