फ्री चार्जिंगचा ओटीपी

येडगावच्या हौशीरामनं जुनी इलेक्ट्रिक गाडी एक्स्चेंजला देऊन नवी घ्यायचं ठरवलं, पण एका अटीवर. जुन्या गाडीवरचं फ्री चार्जिंग नवीवर चालू राहिलं पाहिजे.

"राहील की काका," शोरूममधला सेल्समन म्हणाला. "गाडी घेताना जो मोबाइल नंबर दिला होता, त्यावर ओटीपी गेलाय. तेवढा सांगा."

तो नंबर समृद्धीचा होता. तेव्हा लेक घरात होती, ॲप तिनंच चालू करून दिलं होतं. पुढं तिनं आपल्या पसंतीनं लग्न केलं आणि हौशीरामनं घरात तिचं नाव काढायलाही बंदी घातली. त्याच्या बायकोला, साळुबाईला, लेकीशी फोनवर बोलायचीसुद्धा चोरी झाली.

"दुसरा नंबर टाका की राव!"

"सिस्टीम घेत नाही, काका."

"मंग त्या सिस्टीमच्या मालकाला बोलवा हितं!"

तासभर आरडाओरडा करून काही उपयोग झाला नाही. शेवटी दातओठ खात हौशीरामनं लेकीला फोन लावला.

"ओटीपी आलाय तुझ्याकडं. तेवढा सांग."

पलीकडून समृद्धी म्हणाली, "सांगते, अण्णा. पण आधी फोन आईला द्या."

शेजारी बसलेल्या साळुबाईनं हात केव्हाच पुढं केला होता.

मायलेकी बोलत राहिल्या. सेल्समन चुळबुळत म्हणाला, "काका, ओटीपी एक्स्पायर झाला."


"मंग दुसरा पाठवा," हौशीराम त्याच्याकडं न बघता म्हणाला, "पण जरा दमानं."