दोन बोटं फट

सुगंधाकाकू म्हाताऱ्या सासऱ्यांना घेऊन हॉलमध्ये राहतात; घाटकोपरच्या त्या घरातली एसीची बेडरूम त्यांनी दिशाला भाड्याने दिलीय. वीजबचतीचं सर्टिफिकेट असलं की भाडं वाढवून मागता येतं, असं ऐकून काकूंनी तपासणीवाला बोलावला.

त्याने एसी लावला, बेडरूमचं दार ओढून घेतलं आणि खाली हात धरला. “दोन बोटं फट आहे. सगळी गार हवा हॉलमध्ये जाते. सर्टिफिकेट नाही मिळणार.”

“अहो, दार तर नीट बसत होतं!”

“बसत होतं, काकू,” दिशा म्हणाली. “मीच सुताराकडून खालून कापून घेतलं.”

“माझं दार? का गं?”

तपासणीवाल्याने दार उघडलं. बाहेर दाराला लागूनच सासऱ्यांची गादी होती. मे महिन्याच्या भर दुपारी ते गळ्यापर्यंत चादर ओढून घोरत होते.