हातोडीचा आवाज

"तुम्ही बाहेर थांबा," तळघराच्या दारातूनच मालफ्रुआ गरजला. "मला काम करताना शांतता लागते."

गावच्या दूध सोसायटीचा अध्यक्ष फेलिसिअँ उंबऱ्यावरच थबकला. ही परीक्षा त्यानंच घडवून आणली होती. चीजचं तळघर सांभाळणारे आन्सेल्मकाका बहिरे झालेत, अशी चिठ्ठी त्यानंच शहरातल्या चीजच्या व्यापाऱ्याला धाडली होती. म्हणून व्यापाऱ्यानं आपला पारखी मालफ्रुआ पाठवला होता. आता गंमत सुरू होणार, तर त्यालाच बाहेर काढत होते.

"काकांशी मोठ्यानं बोला हं," जाता जाता तो म्हणाला. "त्यांना फक्त जेवायची हाक ऐकू येते."

"तुला तर हाकही मारावी लागत नाही," आन्सेल्मची मुलगी ओदील म्हणाली. "वासावरच येतोस."

दार लागलं. ओदील पारख्याकडे वळली. "या मस्यू मालफ्रुआ, थंडीत त्रास झाला असेल," ती म्हणाली. तो तिच्या अंगावरून सरळ पुढे निघून गेला. असा माणूस कोणाची गय करत नाही.

आन्सेल्म बूव्हरे चौतीस वर्षं या तळघरात चीज पिकवत होता. स्प्रूसच्या फळ्यांवर कोंते चीजची गोल चाकं छतापर्यंत रचलेली होती. एकेक चाक चाळीस किलोचं. ती मिठाच्या पाण्यानं पुसायची, उलटायची आणि हातोडीनं वाजवून बघायची. भरीव चाक एका सुरात बोलतं. आत चीर पडली, पोकळी धरली, की सूर बदलतो. सगळा धंदा कानाचा.

आणि आन्सेल्मचे कान दोन हिवाळ्यांपूर्वी गेले होते. आधी पाखरं गेली, मग गाईंच्या गळ्यातल्या घंटा, शेवटी हातोडी. हे खात्रीनं फक्त ओदीलला माहीत होतं; फेलिसिअँला नुसता संशय होता. वाजवताना तो डाव्या हाताची बोटं चाकावर टेकवी. आतली चीर बोटांना कळे. आजवर एकही चाक चुकलं नव्हतं. पण हे कोणाला सांगणार? बहिऱ्याच्या हाती तळघर कोण ठेवील? फेलिसिअँचा भाचा त्या जागेवर टपून बसला होता. तळघर सुटलं तर बाबा खुर्चीत बसून वर्षही काढणार नाहीत, हे ओदीलला पक्कं ठाऊक होतं.

मालफ्रुआ फळ्यांकडे तोंड करून चालत होता. एका रांगेपाशी थांबून, पाठमोराच, त्यानं विचारलं, "ही कोणत्या महिन्यातली?"

आन्सेल्म शेजारचं चाक पुसत राहिला. त्याला काही विचारलं आहे, हेच त्याला कळलं नव्हतं.

ओदील झटकन बापासमोर आली. "बाबा, महिना विचारताहेत!"

तेवढ्यात मालफ्रुआ वळला. तो आन्सेल्मच्या तोंडाकडे रोखून बघू लागला. पापणीही लवेना.

"जानेवारीतली," आन्सेल्म म्हणाला. "गाई गोठ्यात सुक्या चाऱ्यावर असतानाची. म्हणून रंगानं फिकी."

मालफ्रुआ बघतच राहिला. ओळखलं यानं, ओदीलच्या मनात आलं. संपलं सगळं.

"ते चाक काढा," तो ओरडला. त्याचा आवाज दगडी भिंतींवर आदळून परत आला.

ओदीलनं आणि आन्सेल्मनं मिळून चाक बाकावर घेतलं. मालफ्रुआनं स्वतःची हातोडी काढली. विकत घेतलेल्या घोड्यावर ठेवावा तसा एक हात चाकावर ठेवला आणि कडेपासून मध्यापर्यंत ठोकत गेला. मग पुन्हा पहिल्यापासून. फार वेळ लावला.

"मी याला अव्वल म्हणतो," अखेर तो म्हणाला. "तुमचं काय?"

आन्सेल्मनं हातोडी घेतली. बोटं टेकवली. टक. टक. टक. एका जागी तो थांबला. पुन्हा ठोकलं. ओदील कान देऊन ऐकत होती. तिच्या कानांना नीटसं काही कळलं नव्हतं. हो म्हणा बाबा, ती मनात म्हणत होती. शहरचा पारखी अव्वल म्हणतोय, तुम्हीही म्हणा आणि सुटा.

"अव्वल नाही," आन्सेल्म म्हणाला. "इथं सालीखाली दोन बोटांवर चीर आहे."

"मी चुकलो म्हणता?"

"चाक म्हणतंय. मी नाही."

मालफ्रुआची नजर अजून त्याच्या तोंडावरच होती. मग त्यानं पारखीची पोकळ सळई काढली, आन्सेल्मनं दाखवलेल्या जागी खुपसली, गरकन फिरवली आणि ओढली. चीजची पिवळसर कांडी सळईबरोबर बाहेर आली. त्यानं ती बोटांत धरून हलकेच वाकवली.

दोन बोटांवर कांडीचे दोन तुकडे झाले. मोडलेली जागा गुळगुळीत होती. चीर आधीचीच.

मालफ्रुआनं एक तुकडा तोंडात टाकला, दुसरा भोकात बसवून वर अंगठ्यानं लिंपलं. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"मलाही हेच सापडलं होतं. तुम्ही माझ्या हो ला हो करता का, तेवढं बघायचं होतं." त्यानं आन्सेल्मचा हात दोन्ही हातांत घेतला. "मी लिहून देतो, कान असावेत तर असे. अजून दहा वर्षं हे तळघर तुमचं. कोणी काही म्हणू दे."

आन्सेल्मनं त्याच्या ओठांवरून शब्द न् शब्द टिपला. त्याचे डोळे भरून आले. ओदील बाकाला टेकून उभी राहिली.

बाहेर अंगणात, मालफ्रुआला घेऊन आलेल्या ट्रकवाल्याला निघायची घाई झाली असावी. त्यानं भोंगा वाजवला. ओदील केवढ्यानं दचकली. पुन्हा वाजवला. मग तिसऱ्यांदा, इतका लांब की फळ्या थरथरल्या.

एकमेकांच्या ओठांकडे टक लावून ते दोघे बोलत राहिले. दाराकडे कोणीच वळलं नाही.