भिंतीपलीकडची जागा

लेक गेल्यावर ग्लेनिस आजीचं नगरपालिकेकडे एकच मागणं होतं. नातू कॉरी आपल्याजवळ राहावा, आणि त्यासाठी दोन खोल्यांचं घर मिळावं.

"घर द्यायला पैसा नाही हो, ग्लेनिस," नगरपालिकेची बाई म्हणाली. "आणि एका खोलीत पोर ठेवणं नियमात बसत नाही."

"अगं पोरी, मी सोफ्यावर झोपेन की! माझं घोरणं सोफ्याला पाठ आहे."

बाई हसली, आणि कॉरीला इंग्लंडच्या उत्तरेतल्या लँकेशायरमधून उचलून पार दक्षिणेत, समुद्रकाठच्या खाजगी बालगृहात ठेवून आली. नगरपालिका त्याचे आठवड्याला पाच हजार पौंड मोजू लागली. एवढ्या पैशात आजीने नातवाला राजवाड्यात ठेवला असता, वर दाराशी बँडवाले!

उत्तरेत घरं स्वस्त, म्हणून त्याच बालगृहवाल्यांनी पुढे आजीच्या शेजारचंच घर घेतलं. आजीने आनंदाने नगरपालिकेच्या बाईला फोन फिरवला, "आता तरी माझं पोर इथं आणा. भिंतीपलीकडे असला तरी चालेल मला."

"जागा भरली हो, ग्लेनिस."

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे एक अनोळखी पोरगा एकटाच चेंडू आपटत होता. आजीने कॉरीसाठी केलेला आल्याचा केक त्याच्या हातावर ठेवला.

"कुठला रे तू?"

"लांबचा. समुद्राजवळचा."

"घरी कोण असतं?"

"आजी," पोरगा म्हणाला. "पण तिच्याकडे एकच खोली आहे."